इनामाचे गाव आणि मजुरीचा हक्क

किमान वेतनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्ही त्यांना काम देतो, हे काय कमी आहे?" शेताच्या बांधावर ते रांगड्या भाषेत येते, कारखान्याच्या फाटकावर ठेकेदाराच्या तोंडून येते, आणि टीव्हीवरच्या चर्चेत तेच वाक्य कोट घालून येते : "मजुरी वाढवली तर रोजगार जाईल." शब्द वेगळे, मूळ एकच. काम आणि त्याचा मोबदला ही देणाऱ्याची मेहेरबानी आहे, घेणाऱ्याने किती मिळाले हे विचारू नये, मिळाले याबद्दल मान झुकवावी.

आपल्या समाजात या मेहेरबानीला जुना, भारदस्त शब्द आहे. इनाम.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, हाच शब्द नावात घेऊन एक गाव उभे आहे. इनामगाव. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ते ठाऊक आहे. मजुरीचा इतिहास लिहायला हे गाव आणि त्याचा मुलूख आम्हाला फार सोयीचा वाटतो, कारण तीन हजार वर्षांपूर्वीचे धान्याचे कोठार, महारकीचे वतन, पगारी शिपायांची छावणी, रेल्वेचे जंक्शन आणि आजचा उसाचा फड हे सगळे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत सापडते.

कोठार कोणाचे?

१९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी इनामगावला उत्खनन केले. बारा हंगाम काम चालले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव पिकवत, गुरे पाळत, नदीच्या पाण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि बांध घातला होता.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. शेजारी धान्य साठवण्याची जागा : जमिनीत खणलेली पेवे आणि कणग्या ठेवण्यासाठी बांधलेले मातीचे गोल ओटे. त्याच घराच्या आवारात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक माणूस मिळाला. इतर प्रौढ माणसे साध्या खड्ड्यात आडवी पुरलेली, त्यांच्या पायांची पावले तोडलेली. याचे पाय शाबूत. कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. ढवळीकरांनी या पुराव्यावरून असा अर्थ काढला की गावाला एक प्रमुख होता, लोक त्याच्याकडे धान्य भरत आणि ते पुढे वाटले जाई.

यात जातिव्यवस्था शोधण्याचा मोह आम्ही टाळतो. मातीच्या ओट्यावरून जात वाचता येत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांनी इतिहासाचे आधीच पुष्कळ नुकसान केले आहे. पण एक प्रश्न मात्र तो ओटा नक्की विचारतो. पाट अनेकांनी खणला, जव अनेकांनी कापले. मग कोठार एकाच घराशेजारी का? एकदा धान्य एका दाराशी जमा झाले की वाटणारा हात आणि पसरलेला हात असे दोन हात तयार होतात. वाटणाऱ्याने किती द्यावे याला नियम नसेल तर पसरलेल्या हातात पडते त्याला मजुरी म्हणता येत नाही. तो इनामच असतो, मूठभर असला तरी.

किमान वेतनाची सगळी लढाई या एका गोष्टीसाठी आहे : वाटणाऱ्याच्या हाताला नियम घालणे.

बावन्न हक्क आणि एक भाकरी

नियम नसलेल्या मोबदल्याची सर्वात पक्की व्यवस्था म्हणजे महारकी. तिलाही इनामच म्हणत. महाराला गावकीच्या कामाबद्दल जमीन असे, हाडकी-हाडोळा. खळ्यावर बलुते मिळे. सणाला पोळी, रोज संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी. महारांना बावन्न हक्कांची सनद मिळाल्याची आख्यायिका गावोगाव सांगितली जाई. मेलेल्या जनावराचे कातडे आणि प्रेतावरचे कापड हे त्या हक्कांतले होते. ज्या वस्तूला दुसरे कोणी हात लावणार नाही ती एखाद्याला द्यायची आणि त्याला हक्क म्हणायचे, ही चलाखी ओळखायला आपल्या लोकांना काही शतके लागली.

त्या बदल्यात काम काय? सारा तालुक्याला पोहोचवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे, येणाऱ्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, वेस राखणे, लाकडे फोडणे, मयताची बातमी उन्हातान्हात चार गावांना सांगणे, मेलेली जनावरे ओढणे. कामाला वेळ नव्हती. पाळीचा येसकर घरी नसला तर त्याचा बाप, बायको, मूल जो सापडेल त्याला जावे लागे. आजच्या भाषेत सांगायचे तर कामाचे तास चोवीस, सुट्टी शून्य, कामाचे स्वरूप अनिश्चित आणि वेतन मालकाच्या मर्जीवर.

आमच्यापैकी अनेकांच्या आज्यांनी त्या संध्याकाळच्या भाकरीची आठवण सांगितली आहे. दारात उभे राहायचे, आवाज द्यायचा, वरून पडेल ते पदरात झेलायचे. दिवसभर राबलेल्या माणसाने आपली मजुरी भीक मागण्याच्या आवाजात मागायची, हे या व्यवस्थेचे खरे यश होते. काम करणाऱ्यालाच वाटू लागे की आपण मागतो आहोत, आणि देणाऱ्याला वाटे की आपण दान करतो आहोत.

हाडोळ्याची जमीन हाही मोठा फसवा मामला होता. एका मूळ पुरुषाला मिळालेला तुकडा, आणि पाच-सहा पिढ्यांनी त्यावर हक्क सांगणारी सगळी भावकी. वाट्याला येई ती काही गुंठे जमीन. पण त्या गुंठ्यांच्या आशेने माणूस गावाला बांधलेला राही. शहरात जाऊन रोख मजुरी कमवावी तर वतन जाईल ही भीती. वतन म्हणजे कमी मजुरीवर माणूस टिकवून धरण्याचा खुंटा होता.

शिरूरची छावणी, दौंडचे जंक्शन

हा खुंटा पहिल्यांदा सैल झाला तो रोख पगाराने, आणि त्याची एक खूण भीमेकाठी उभी आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' प्रत्यय असलेली बावीस महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि तेव्हापासून ती जागा आपल्या स्वाभिमानाची झाली.

शौर्याची चर्चा दरवर्षी होते. आम्हाला इथे पगाराची करायची आहे. पलटणीत गेलेल्या महाराला त्याच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात मिळाली. ती मागावी लागली नाही. हजेरीपटावर त्याचे नाव होते आणि नावापुढे आकडा होता. गावात ज्याला 'अरे महारा' म्हणत त्याचे नाव कागदावर, पुढे दगडावर आले. पगाराचा संबंध पोटाइतकाच नावाशी असतो.

म्हणूनच १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी, आणि पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी, पुन्हा पुन्हा अर्ज केले. त्या अर्जांत लष्कराची आणि पोलिसांची नोकरी मागितली आहे. देवळाचा दरवाजा उघडण्याच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांनी पगाराचा दरवाजा ठोठावला होता.

दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे. जीआयपी रेल्वेने, मुंबईच्या गिरण्यांनी, गोदीने गावकीतून सुटण्याची वाट दिली. पण जात गाडीत बसूनच आली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालही करत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात हा प्रश्न बाबासाहेबांनी मांडला तेव्हा लाल बावट्याचे पुढारीही चपापले.

यातून एक धडा मिळतो आणि तो किमान वेतनाच्या आजच्या वादात फार कोणी सांगत नाही. आपल्या देशात मजुरी बाजारात ठरते हे अर्धेच खरे आहे. कोण कोणत्या बाजारात उभा राहू शकतो हे जात आधीच ठरवून ठेवते. सर्वात खालच्या पगाराच्या कामांत एकाच समाजाची माणसे पिढ्यानपिढ्या का दिसतात, याचे उत्तर मागणी आणि पुरवठ्याच्या आलेखात सापडत नाही.

१९२८ : एका वर्षातले दोन प्रयत्न

किमान वेतनाचे कायदे जगात आधी तिथे आले जिथे मजूर सर्वात विखुरलेला होता. १८९४ मध्ये न्यूझीलंड, १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले व्हिक्टोरिया, १९०९ मध्ये इंग्लंड. १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने किमान वेतन ठरवण्याच्या यंत्रणेचा करार क्रमांक २६ मंजूर केला.

त्याच वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्याला कोणी वेतनाचे विधेयक म्हणत नाही. आमच्या मते ते वेतनाचेच होते. त्यातल्या मागण्या पाहा. ज्याला वतन सोडायचे आहे त्याला ते सोडता यावे आणि जमीन पूर्ण साऱ्यावर त्याच्याकडे राहावी. बलुते दारोदार मागायला न लावता पैशाच्या रूपात साऱ्याबरोबर वसूल करून द्यावे. महाराने कोणती कामे करायची हे नियमाने ठरवावे. म्हणजे कामाची व्याख्या, रोख मोबदला आणि काम सोडण्याचे स्वातंत्र्य. जगातला कोणताही श्रमकायदा या तीन पायांवरच उभा असतो. निवड समितीने विधेयकाचे पार लचके तोडले आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

त्या काळात शिरूर तालुक्यातल्या मजुराची स्थिती काय होती, याची नोंदही आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मान यांनी जातेगाव बुद्रुक या गावाची घरोघर पाहणी करून १९२१ मध्ये अहवाल छापला. कुटुंबाला जगायला किती लागते याचा त्यांनी हिशेब मांडला, उत्पन्नाशी ताडून पाहिला, आणि बहुसंख्य कुटुंबांची मिळकत त्या साध्या गरजेलाही पुरत नाही असे दाखवले. "माणसाला लागते किती?" हा प्रश्न या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला, त्याचे उत्तरही मिळाले. नव्हता तो उत्तर अमलात आणणारा कायदा.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १० जानेवारी १९३८ ला खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतन विधेयक मांडले. १९४८ मध्ये जगजीवनराम मजूरमंत्री असताना तो कायदा झाला.

त्या कायद्याची अनुसूची एकदा शांतपणे वाचावी. बिडी, दगडफोड, रस्ते बांधणी, चामडे कमावणे, नगरपालिकेची कामे, आणि दुसऱ्या भागात शेती. ज्या कामांना संघटना नाही, जिथे मजूर भांडू शकत नाही, तिथे कायद्याने भांडावे ही कल्पना. या यादीतले एकेक काम म्हणजे आपल्या एकेका वस्तीचे चित्र आहे. १९२८ च्या विधेयकातला महार आणि १९४६ च्या विधेयकातला मजूर हा एकच माणूस आहे.

राज्यघटनेने या माणसाला आणखी दोन आधार दिले. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली, अनुच्छेद ४३ ने निर्वाह वेतनाचे ध्येय ठेवले. आणि १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने या दोन गोष्टी जोडल्या. न्या. भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजेच वेठबिगारी. भूक हीसुद्धा सक्तीच आहे. "तो स्वखुशीने कमी पैशात काम करतो" असे म्हणणाऱ्याला हे कायमचे उत्तर आहे. महारही 'स्वखुशीने'च भाकरी मागायला जात होता.

१७८ ला ३.६ ने भागा

किमान म्हणजे किती? १९५७ मध्ये नवी दिल्लीला भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सरकार, मालक आणि कामगार तिघांच्या संमतीने मोजपट्टी ठरवली. कुटुंबात तीन उपभोग घटक, प्रत्येकाला २,७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीला एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सण-समारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले.

या मोजपट्टीवरही आमचा एक आक्षेप आहे. तीन घटकांचा हिशेब असा : पुरुष १, बाई ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. बाईचे पोट पुरुषापेक्षा लहान धरले आहे. सकाळी चुलीपासून सुरू होऊन दिवसभर रोजाने खुरपणारी बाई कोणत्या हिशेबाने कमी खाते? तरीही निदान मोजपट्टी होती.

राष्ट्रीय पातळीवर मात्र ती लागू झाली नाही. १९९६ मध्ये केंद्राने 'राष्ट्रीय तळ वेतन' सुरू केले : रोज ३५ रुपये. २०११ मध्ये ११५, २०१५ मध्ये १६०, २०१७ मध्ये १७६. आणि हे आकडे राज्यांवर बंधनकारक नव्हते. सल्ला होता. मजुरीचा सल्ला म्हणजे पुन्हा इनामच, द्यावेसे वाटले तर द्या.

२०१९ च्या सुरुवातीला केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीचा अहवाल आला. समितीने कॅलरी २,४०० पर्यंत खाली आणल्या, कुटुंब ३.६ उपभोग घटकांचे धरले, आणि जुलै २०१८ च्या किमतींना देशासाठी रोज ३७५ रुपये सांगितले. देशाचे पाच विभाग केले तर महाराष्ट्राच्या विभागात ४१४. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने जाहीर केले १७८. दोन वर्षांत दोन रुपये वाढले.

१७८ ला ३.६ ने भागा. ४९ रुपये ४४ पैसे. एका माणसाचे एका दिवसाचे जेवण, कपडा, छप्पर, सरपण, दवाखाना आणि वही या ४९ रुपयांत. हा आकडा ठरवणाऱ्यांपैकी कोणी त्यात एक दिवस काढला असेल असे आम्हाला वाटत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये वेतन संहिता संसदेने मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात एक चांगली गोष्ट आहे आणि ती आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. अनुसूचीची अट गेली, किमान वेतनाचा हक्क सर्व मजुरांना मिळाला, आणि केंद्राने ठरवलेल्या तळाखाली राज्याला जाता येणार नाही. पण तळ कुठे ठेवायचा हे सरकारच्या हाती राहिले. १९५७ ची मोजपट्टी कायद्याच्या मजकुरात आली नाही. दार उघडले आहे, उंबरठा किती उंच ते घरमालक ठरवणार.

"शेतकऱ्याला परवडत नाही"

हा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या माणसाला वाढलेली मजुरी खरोखर जड जाते. पण हा शेतकरी स्वतः काय मागतो? हमीभाव. उत्पादनाचा खर्च मोजा, त्याखाली माझा माल कोणी घेऊ नये. आम्ही या मागणीच्या बाजूने आहोत. मग मजुराचा माल म्हणजे त्याचे श्रम, आणि त्या मालाचा उत्पादन खर्च म्हणजे त्याच्या कुटुंबाचे जगणे. जो तर्क कांद्याला आणि उसाला लागू आहे तो माणसाला लागू का नाही? हमीभाव आणि किमान वेतन ही एकाच नांगराची दोन बैलं आहेत. एकाला उपाशी ठेवून दुसरे ओढणार नाही.

आज घोडकाठी जवाच्या जागी ऊस आहे. तो तोडायला बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसे, चार हात, हिशेबाला एक. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. हा दंड टाळण्यासाठी बीडच्या कितीतरी बायांनी तरुणपणीच गर्भाशये काढून घेतली, हे २०१९ मध्ये राज्यापुढे आले. तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या समझोत्याने ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वाढ संघटनेच्या जोरावर मिळाली, तिचे स्वागत. पण दिवसाला किती तास, बाईच्या नावावर किती, आजारी पडली तर काय, याला टनाचा दर उत्तर देत नाही. उचल हा आजचा हाडोळा आहे. हातात आधी काहीतरी देऊन माणूस बांधून ठेवायचा.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेने १९३८ मध्ये, मनमाडच्या त्याच वर्षी, तासाला २५ सेंट किमान वेतनाचा कायदा केला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे मजूर याच दोन कामांत होते. शेतमजुरांचा काही भाग कायद्यात यायला १९६६ उजाडले. वगळण्याची जागा नेमकी कुठे असते ते पाहिले की त्या समाजाची जात कळते.

आणि रोजगार जातो का? १९९९ मध्ये ब्रिटनने, २०१५ मध्ये जर्मनीने राष्ट्रीय किमान वेतन आणले, तेव्हाही बेकारीचा बागुलबुवा उभा केला होता. देश बुडाले नाहीत. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत वेतन वाढल्यावर रोजगार घटला नाही, हे डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये दाखवले, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले. वेतन बेताल ठेवले तर नुकसान होईल हे खरे. पण ३७५ आणि १७८ यांच्यातला वाद बेतालपणाचा नाही. सरकारच्याच समितीने मोजलेली भूक सरकारने अर्ध्याहून खाली छाटली, हा वाद आहे.

आमची मागणी

मागणी साधी आहे. राष्ट्रीय तळ वेतन मोजपट्टीने ठरावे आणि ती मोजपट्टी कायद्यात लिहावी. बाईचा घटक पूर्ण एक धरावा. कोयत्याचा हिशेब दोन माणसांच्या दोन नावांवर व्हावा. महागाई वाढली की वेतन आपोआप वाढावे, कोणा मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये. सार्वजनिक कामांवर सरकारने स्वतः किमान वेतन द्यावे. जो मालक स्वतःच कायदा पाळत नाही त्याने दुसऱ्याला काय सांगावे?

आपल्या कार्यकर्त्यांनाही एक सांगायचे आहे. १ जानेवारीला आपण लाखोंनी भीमेकाठी येतो, स्तंभाला मानवंदना देतो. येताना वाटेत उसाचे फड दिसतात, पालं दिसतात, पालासमोर चूल पेटवणारी बाई दिसते. तिचा दिवसाचा हिशेब आपण कधी विचारला आहे का? स्तंभावरच्या बावीस जणांनी गावकीची भाकरी सोडून पगार पत्करला होता. त्यांचा वारसा सांगायचा तर तिच्या मजुरीचा प्रश्न आपल्या यादीत वर असायला हवा.

इनामगावच्या मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचे कोठार सापडले. त्यात कोणी किती भरले आणि कोणाला किती मिळाले, याची नोंद नव्हती. लिपीच नव्हती. आज लिपी आहे, हजेरीपट आहे, बँकेचे खाते आहे, बाबासाहेबांची राज्यघटना आहे. आता नोंद न ठेवण्याला कोणतीही सबब उरलेली नाही.

जय भीम!